वंशावळीत बहिणीचं नाव

वडिलोपार्जित जमिनीचा दावा लावायचं ठरलं की घरातला माणूस आधी सातबारा काढून आणतो आणि वकील आधी वंशावळ मागतो. लोकांना वाटतं वकील विनाकारण फाटे फोडतोय. खरं तर दाव्याचा पाया वंशावळीतच असतो, आणि पुष्कळ घरांना तीच लिहायची नको असते.

पुढचा संवाद कल्पित आहे. ही मामा-भाची कोणा एका घरातली नाहीत, पण त्यांचं भांडण कुठल्याही दिवाणी न्यायालयाच्या व्हरांड्यात ऐकू येतं. मामा सातारा जिल्ह्यातले शेतकरी. भाची त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, दिवाणी वकिली करणारी. जमीन १४ एकर, त्यातला ६ एकर नदीकाठचा बागायती मळा आणि ८ एकर माळ. मामांच्या पणजोबांना दोन मुलगे. थोरल्याच्या वंशाकडे मळा, धाकट्याच्या वंशाकडे, म्हणजे मामांकडे, माळ. मामा म्हणतात, वाटणी कधी झालीच नाही. भावकी म्हणते, आजोबांच्या हयातीतच झाली.

मामा : मळ्याच्या सातबाऱ्यावर माझ्या लहानपणापासून त्यांचीच नावं आहेत. माझा वकील म्हणतो, घाबरू नका, सातबारा म्हणजे मालकी नव्हे. मग आम्ही जन्मभर तलाठ्याच्या दारात कशासाठी उभे राहिलो?

भाची : सातबारा महसुलाचा कागद आहे, मामा. जमीन कोणाच्या नावे आहे, कसतं कोण, पीक काय, बोजा कुठल्या सोसायटीचा, हे सरकारला कळावं म्हणून तो ठेवतात. जमीन महसूल संहितेचं कलम १५७ म्हणतं की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरायची. म्हणजे उलट सिद्ध करायची मुभा कायद्यानंच ठेवली आहे. १९९६ साली सावर्णी विरुद्ध इंदर कौर या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की फेरफारानं मालकी मिळतही नाही आणि जातही नाही.

मामा : म्हणजे त्यांच्या सातबाऱ्याला काही अर्थ नाही.

भाची : असं समजून कोर्टात गेलात तर फसाल. इतकी वर्षं सलग चालत आलेली, कोणी हरकत न घेतलेली नोंद न्यायाधीश बाजूला सारत नाहीत. वहिवाट कोणाची, याचा तो भक्कम पुरावा आहे. तो खोडायचं ओझं तुमच्यावर. शिवाय वादी तुम्ही. वादीनं स्वतःच्या हक्काच्या बळावर दावा जिंकायचा असतो. समोरच्याचा पुरावा लंगडा निघाला, एवढ्यावर हुकूमनामा मिळत नाही.

मामा : अगं, पण सगळ्या गावाला माहीत आहे! पारावर बसलेल्या कोणालाही विचार, मळा दोन्ही घरांचा म्हणूनच सांगेल. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते मी परत सिद्ध काय करायचं?

भाची : पारावर बसलेला माणूस उलटतपासात काय सांगेल? तुझा जन्म कधीचा? वाटणी झाली नाही हे तुला कसं कळलं? वडिलांनी सांगितलं? मग तुझं स्वतःचं ज्ञान काय? ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते आज हयात नाहीत. म्हणून जुने कागद लागतात.

मामा : कागद त्यांच्या पेटीत. थोरलं घर म्हणून सगळी दप्तरं त्यांच्याकडेच राहिली. आमच्या आजोबांना सही येत नव्हती. ज्याच्याकडे पेटी त्याचीच जमीन, हा तुमचा न्याय?

मामांच्या या प्रश्नात तथ्य आहे. आपल्या कायद्यात पुराव्याचा भार सगळ्यांवर सारखा असला तरी पुरावा सगळ्यांच्या घरी सारखा नसतो. शिकलेल्या, थोरल्या, कुलकर्ण्याच्या उठबशीतल्या घरात कागद साठले. धाकट्या घरात ते कमी राहिले आणि घरातल्या बायकांकडे तर राहिलेच नाहीत. पण मामांना जी पेटी एकमेव वाटते ती तशी नाही. जमिनीचे महत्त्वाचे बरेचसे कागद सरकारी दप्तरातही असतात.

भाची : पेटी विसरा. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. पणजोबांच्या मृत्यूनंतरचा पहिला फेरफार मागा, म्हणजे गाव नमुना ६ ची नक्कल. त्याआधीचं क-ड-ई पत्रक मिळतंय का बघा. भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या सर्व्हे नंबरांचा आकारफोड आणि गट योजनेचा उतारा घ्या.

मामा : गटाचा उतारा कशाला?

भाची : पणजोबांच्या नावावर सर्व्हे नंबर होता आणि आज तुम्ही गट नंबर मागताय. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगाव गट पडले, नंबर बदलले, कुठे क्षेत्रही हललं. जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट एकच आहेत हे दाखवलं नाहीत तर पणजोबांची जमीन वेगळी आणि दाव्यातली वेगळी, एवढं एकच म्हणून समोरचा वकील मोकळा होईल. चांगले चांगले दावे इथे लटकलेले मी पाहिलेत.

मामा : बरं, फेरफार मिळाला. त्यात थोरल्या आजोबांचंच नाव असणार. मोठा मुलगा म्हणून त्यांचंच लागलं.

भाची : नावाच्या मागेपुढे काय लिहिलंय ते बघायचं. ए.कु.मॅ. अशी अक्षरं असली तर बाजू तुमची आहे. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून त्यांचं नाव लागलं, म्हणजे जमीन कुटुंबाची, ते फक्त पुढारी. पुढे पुनर्लेखनात, नवा सातबारा लिहिताना, ही तीन अक्षरं कितीतरी ठिकाणी गळली. त्यांच्यानंतर त्यांच्याच मुलांची वारस नोंद झाली आणि धाकटं घर कागदावरून उतरलं. तुमच्या मळ्याचं हेच झालं असावं. पण 'असावं' हे मी घरात म्हणू शकते, कोर्टात नाही.

मामा : ती अक्षरं नसली तर?

भाची : तर मार्ग लांबचा आहे. कुटुंब एकत्र होतं एवढं सांगून जमीन एकत्र ठरत नाही. श्रीनिवास कृष्णराव कांगो यांच्या खटल्यात १९५४ सालीच सर्वोच्च न्यायालयानं ते सांगितलंय. कुटुंबाकडे आधीपासून काही मिळकत होती आणि तिच्या उत्पन्नातून ही जमीन घेता आली असती, हे आधी तुम्ही दाखवायचं. मग ती मी माझ्या कमाईतून घेतली हे सांगायचं ओझं त्यांच्यावर जातं. तुमची जमीन पणजोबांच्याच नावची आहे, त्यामुळे तुमचं थोडं सोपं.

मामा : मोडीतले दोन कागद आमच्याकडे आहेत. वाचता येत नाहीत म्हणून कोणी बघितले नाहीत.

भाची : मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि मूळ कागद जपा. ३० वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला असेल तर सही-हस्ताक्षर खरं असल्याचं कोर्ट गृहीत धरू शकतं. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा आला, त्यातही ही तरतूद कायम आहे. मात्र गृहीत धरतात ते सही-हस्ताक्षर. आतला मजकूर खरा आहे की नाही, तो प्रश्न उरतोच.

मामा : आणि वंशावळ? ती मी तलाठ्यासमोर प्रतिज्ञापत्रावर देतो. वारस दाखलाही काढतो.

भाची : प्रतिज्ञापत्र म्हणजे तुमचंच म्हणणं शपथेवर. वारस दाखला दिवाणी कोर्ट देतं, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली. वारस कोण, एवढंच तो सांगतो. मयताच्या मालकीचं काय होतं ते सांगत नाही. थोरले आणि धाकटे सख्खे भाऊ होते हे भावकीनं नाकारलं तर काय दाखवाल?

मामा : नाकारतील? एका सुतकात असतो आम्ही!

भाची : हेच सांगा साक्षीत. नात्याचा पुरावा नुसता कागदाचा नसतो. नातं ज्यांना जवळून ठाऊक आहे अशी माणसं वर्षानुवर्षं कशी वागली, हेही कायदा बघतो. सुतक कोणी पाळलं, लग्नपत्रिकेत कोणाची नावं छापली, अग्नी कोणी दिला. त्याला जोड म्हणून कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नक्कल काढा, तुमच्या वडिलांच्या शाळेचा दाखला मिळाला तर बघा. आणि तुमच्या घरी वंशावळीची वही ठेवणारा हेळवी येतो ना?

मामा : येतो की. बैल घेऊन येतो, दोन्ही घरांची नावं एका दमात वाचतो. माझ्या नातवाचंसुद्धा नाव परवा घातलं त्यानं.

भाची : त्याची वही मोलाची आहे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडची नामावळही. फक्त नोंदी वादाच्या आधीच्या असल्या पाहिजेत आणि वही सांभाळणाऱ्यानं येऊन साक्ष दिली पाहिजे. भांडण पेटल्यावर लिहून घेतलेल्या वंशावळीला किंमत नाही.

मामा : हे झालं. आता त्यांची वाटणी कशी मोडायची ते सांग. त्यांच्याकडे वाटणीपत्र नाही, स्टँप नाही, काही नाही.

भाची : तोंडी वाटणीही कायद्यानं होऊ शकते. ६ एकर बागायत त्यांना, ८ एकर जिरायत तुम्हाला, हे ऐकणाऱ्याला वाटणीसारखंच वाटेल. तुमचं नाव माळाच्या सातबाऱ्याला कशावरून लागलं, तो फेरफार काढा. त्यात 'वाटणीवरून' असं लिहिलं असेल आणि खाली तुमच्या आजोबांचा अंगठा असेल तर मी दावा लावू नका म्हणेन. 'वहिवाटीवरून' असेल तर सोयीसाठी वेगळं कसत होतो, हे तुमचं म्हणणं उभं राहतं.

मामा : सोयीसाठीच होतं. मळ्यातला ऊस तुटला की बिलातले पैसे थोरल्या घरातून आमच्याकडे येत. वडिलांनी वहीत मांडून ठेवलेत. हायवेला मळ्याचा तुकडा जायचा म्हणून नोटीस निघाली आणि पैसे बंद झाले. तुमचा संबंध नाही म्हणाले.

भाची : वहीची पानं फाटू देऊ नका. तुमच्या साऱ्या दाव्यात हा सगळ्यात बोलका पुरावा आहे. वाटणी झाली असती तर उसाचे पैसे कशाचे? मुदतीचं उत्तरही तिथेच आहे. सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांसाठीचा ताबा धरतात. एकट्यानं कसलं म्हणून इतरांचा हक्क जात नाही. तुम्हाला उघड नाकारलं आणि ते तुम्हाला कळलं, तिथून १२ वर्षं मोजायची. नोटिशीच्या आधी कोणी नाकारलेलं नसेल तर तुम्ही मुदतीत आहात.

मामा : बघ! म्हणजे नाव त्यांचं, ताबा त्यांचा, तरी हक्क माझा. यालाच न्याय म्हणतात.

भाची : मग माझ्या आईचं काय?

इथपर्यंत मामा आणि भाची एका बाजूला होते. आता प्रश्न माळाचा येतो, आणि तो टाळता येत नाही, कारण वाटपाच्या दाव्यात सगळ्या सहहिस्सेदारांना सामील करावं लागतं आणि कुटुंबाची सगळी मिळकतही मांडावी लागते. एक महत्त्वाचा हिस्सेदार वगळला तर दावा तेवढ्यावर कोसळू शकतो. मामांच्या वकिलानं त्यांना हेच सांगितलं होतं आणि म्हणूनच ते भाचीकडे आले होते.

मामा : माळाचा इथे काय संबंध? मी मळा मागतोय.

भाची : वाटणी झाली नाही म्हणता ना? मग १४ च्या १४ एकर एकत्र. फक्त मळा एकत्र आणि माळ माझा एकट्याचा, असं कोर्ट ऐकणार नाही. तुमची मागणी सगळ्यातला अर्धा हिस्सा धाकट्या घराला. आणि धाकट्या घरात आज दोघं आहेत, तुम्ही आणि आई. तुमचा चौथा हिस्सा, तिचा चौथा.

मामा : तिचं नाव सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात आहे. वडील गेल्यावर तिनं तलाठ्यापुढे जबाब दिलाय, मला काही नको म्हणून. खुशीनं दिलाय.

भाची : जबाबानं जमिनीतला हक्क सुटत नाही. त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. तुम्हीच आत्ता म्हणालात, सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही. मळ्यासाठी एक नियम आणि माळासाठी दुसरा कसा चालेल?

मामा : तिचं लग्न १९८० सालचं. १९९४ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात आधी लग्न झालेल्या मुली नव्हत्या. वडील १९८८ ला गेले. नंतर आलेला कायदा मागे कसा जाईल?

भाची : १९९४ चं खरं आहे. पण हिंदू वारसा कायद्यातली ९ सप्टेंबर २००५ ची केंद्राची दुरुस्ती त्या पलीकडे गेली. आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलीचा हक्क जन्मापासूनचा, २००५ ला वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत किंवा कोर्टाचं वाटप झालं असतं तर गोष्ट वेगळी. बहिणीला दूर ठेवायला नुसतं तोंडी वाटप झालं म्हणणं सहसा चालत नाही. आणि ही दुरुस्ती नसती तरी १९५६ च्या मूळ कायद्यानं तुमच्या वडिलांच्या हिश्शात तिचा वाटा होताच. तो कोणी मोजला नाही, एवढंच.

मामा : तू आईसाठी बोलतेस.

भाची : हो. म्हणूनच मी तुमचं वकीलपत्र घेणार नाही. पण शपथेवर वंशावळ द्यायची वेळ येईल तेव्हा वडिलांना अपत्यं किती, हा रकाना तुम्ही भरणार आहात. एक लिहिलंत तर भावकीचा वकील आईच्या लग्नाची पत्रिका तुमच्यापुढे धरेल. मग मळ्याबद्दलचं तुमचं खरं बोलणंही खोटं वाटेल.

मामा : आता माझंही ऐक. हा माळ होता तेव्हा कोणी फिरकलं नाही. दगड मी वेचले. विहीर मी खोदली, कर्ज माझ्या नावावर. तुझ्या आईच्या लग्नाचे पैसे याच जमिनीवर सोसायटीतून उचलले, ते फेडायला वडिलांना आणि मला किती वर्षं लागली ते तिला विचार. बाळंतपणं, दिवाळी, भाऊबीज, एकदाही हात आखडला नाही. कायद्याला जन्म दिसतो, घाम दिसत नाही. आणि चार-चार एकरांचे तुकडे करून शेती कोणाची होणार? तुमच्या निकालांत याचं उत्तर नाही.

या बोलण्यावर मला भाचीपेक्षा मामांच्या जवळ उभं राहावंसं वाटतं, निदान अर्ध्या वाटेपर्यंत. जमीन कसणाऱ्याचे कष्ट हे आपल्या वारसा कायद्याच्या हिशोबात नीट बसत नाहीत, हे खरं आहे. पण त्या कष्टांची किंमत एकट्या बहिणीच्या हक्कातून वसूल करायची, हे कोणी ठरवलं? लग्नाच्या खर्चाला वाटणी समजायची सवय भावांनी लावली. त्या खर्चात बहिणीच्या हाती एक गुंठाही आला नाही. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावलं. बहिणीच्या नावासाठी तसं काही झालं नाही. तिचं नाव इतर हक्कात गेलं, आणि जमीन विकताना किंवा कर्ज काढताना सहीची गरज पडली की तिथून शोधून काढलं गेलं.

भाची : घाम दिसतो, मामा. हिस्सा ठरवताना नाही, पण वाटप करताना दिसतो. आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, त्यात फक्त हिस्से ठरतात. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप मग कलेक्टरांकडे जातं, मोजणी होते. विहीर मी खोदली, तो भाग माझ्याच वाट्याला यावा, सुधारणेचा खर्च धरावा, अशी मागणी तुम्ही दाव्यातच करायची. न्यायालयं अशी सोय बघतात. लग्नाच्या कर्जाच्या पावत्या असतील तर त्याही लावा.

मामा : आणि हे सगळं व्हायला किती वर्षं?

भाची : दावा, अपील, मग वाटपाची दरखास्त. लांबतं, खोटं सांगणार नाही. तहसीलदारांकडे कलम ८५ खाली संमतीनं वाटप होतं, पण भावकीनं हक्काचाच वाद काढला की तहसीलदार थांबतात आणि दिवाणीत जा म्हणतात. भावकीशी तडजोड होईल की नाही ते मला माहीत नाही. तुमच्या घरातली मात्र होऊ शकते. तुम्ही आणि आई, दोघं आधी ठरवा, लिहा, नोंदवा. मग मळ्यासाठी एकत्र उभे राहा. माळ तुम्ही कसा, ती हिस्सा घेईल, पैसे घेईल किंवा खरंच सोडेल. पण ते तिच्या तोंडून येऊ द्या, वकिलाशी स्वतंत्र बोलून झाल्यावर.

मामा : दाव्यात तिला कुठे घालायचं? वादी की प्रतिवादी?

भाची : तयार असेल तर तुमच्या शेजारी वादी. नसेल तर प्रतिवादी. पण बाहेर नाही.

मामा : विचारतो तिला. पण एक सांगून ठेवतो, विहीर आणि तिच्याभोवतीचे २ एकर मी सोडणार नाही.

भाची : तेही तिलाच सांगा. आणि उद्या तहसीलला जाल तेव्हा अर्जात नुसता फेरफार मागू नका. त्याच्यासोबतची वर्दी, त्या वेळचे जबाब, नोटिशीच्या पोचा, सगळं मागा. आईचा १९८८ चा जबाब त्यातच असेल. खाली अंगठा आहे की सही, तेही बघा. आई सातवी शिकलेली आहे, ती अंगठा देत नाही.